किराणा ॲप सोपे कशामुळे होते? शोधापासून बिलापर्यंतचे डिझाइन समजून घ्या

महिन्याचा किराणा म्हणजे तीस-चाळीस वस्तूंची यादी. ती दुकानदाराच्या हातात दिली की तोच विचारतो, 'पोहे जाड की पातळ?' ॲपवर हे काम स्क्रीनला करावे लागते. ग्राहकाचे बोलणे ॲपला किती कळते आणि ॲपचे बिल ग्राहकाला किती कळते, यावरच त्याचा सोपेपणा ठरतो.

शोध कुठे अडतो?

उपवासाचा एकच पदार्थ कुणी भगर म्हणून शोधतो, कुणी वरई, तर कुणी वरीचे तांदूळ. शेंगदाण्याचे इंग्रजी अक्षरांतले स्पेलिंग तर प्रत्येकाचे वेगळे. शब्द तंतोतंत जुळला तरच वस्तू दाखवणारे ॲप अशा वेळी 'काही सापडले नाही' म्हणून मोकळे होते. त्यावर उपाय दोन. प्रत्येक वस्तूला तिची सगळी प्रचलित नावे जोडायची आणि एखादे अक्षर चुकले तरी जवळचा शब्द ओळखायचा. शिवाय किराण्यातल्या बऱ्याच वस्तू दर महिन्याला त्याच असतात. त्यामुळे 'मागची यादी पुन्हा मागवा' हे बटण पहिल्याच स्क्रीनवर हवे.

बटण आणि अक्षरे केवढी हवीत?

अँड्रॉइडसाठी गुगलची शिफारस आहे की बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी. वेबवरील सुलभतेच्या 'डब्ल्यूसीएजी' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उठावाचे प्रमाण किमान ४.५ : १ हवे. वजन फिकट राखाडी, बारीक अक्षरांत असेल तर आजी-आजोबांच्या कार्टमध्ये किलोऐवजी २०० ग्रॅमचे पाकीट सहज जाते.

किमतीशेजारी प्रतिकिलो दरही ठळक हवा. समजा, अर्ध्या किलोचे पाकीट ६२ रुपयांना आणि दोन किलोचे २५६ रुपयांना आहे. मोठे पाकीट स्वस्त असेल असे वाटते. प्रत्यक्षात लहान पाकीट १२४ रुपये किलोने पडते, तर मोठे १२८ रुपयांनी.

मध्येच नेटवर्क गेले तर?

'ऑर्डर करा' दाबले, चक्र फिरत राहिले, म्हणून पुन्हा दाबले. ॲप नीट बांधलेले नसेल तर दोन ऑर्डर जातात. हे टाळण्यासाठी प्रत्येक ऑर्डरला पाठवण्याआधीच एक वेगळा क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी ऑर्डर घेत नाही, आधीचीच दाखवतो. भरलेली कार्टही फोनमध्ये जपून ठेवली, तर यादी पहिल्यापासून करावी लागत नाही.

'सोपे' कधी फसवे ठरते?

टॅप कमी झाले म्हणजे ग्राहकाचा फायदा झाला, असे नाही. न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा देणगी टाकणे म्हणजे 'बास्केट स्नीकिंग'. जास्तीचे शुल्क शेवटच्या स्क्रीनवर उघड करणे म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग'. खोटी घाई निर्माण करणे म्हणजे 'फॉल्स अर्जन्सी'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा १३ 'डार्क पॅटर्न'ची यादी आहे आणि त्यांच्या वापरास मनाई आहे.

डिलिव्हरी आणि हाताळणी शुल्कासह एकूण रक्कम कार्टमध्येच दिसणे हे चांगल्या डिझाइनचे लक्षण. एखादी वस्तू संपली असेल, तर पर्यायी वस्तू पाठवायची की पैसे परत करायचे, हेही आधीच विचारले पाहिजे.

ग्राहकाने काय करावे?

पैसे भरण्याआधी बिलातील प्रत्येक ओळ वाचा. आधीच 'टिक' केलेले चौकोन तपासा. न मागितलेली वस्तू किंवा शुल्क दिसल्यास स्क्रीनशॉट घ्या आणि आधी ॲपच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.