तुमच्या घराचं वजन नेमकं जातं कुठे?

आजचा विषय माझ्या कामातला नाही. मी सॉफ्टवेअरवाला. पण ज्या बिल्डिंगमध्ये बसून आपण हा पॉडकास्ट ऐकतो, ती उभी कशी राहते हे माहीत असायलाच हवं. हे सगळं मी सिव्हिलवाल्या मित्रांचं डोकं खाऊन समजून घेतलंय.

सोप्यापासून सुरू करू. तुम्ही स्लॅबवर उभे आहात. स्लॅब तुमचं वजन बीमला देतो, बीम कॉलमला, कॉलम खालच्या फुटिंगला आणि फुटिंग जमिनीला. इंजिनिअर याला लोड पाथ म्हणतात. साखळीच आहे ही. प्रत्येक कडी फक्त वजन पुढे ढकलते.

आता आकडे बघा. सिमेंट काँक्रीट एका घनमीटरला साधारण २५०० किलो भरतं. म्हणजे पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा तीनशे किलोच्या वर. त्यावर लाद्या आणि खालचा मसाला, धरा १०० किलो. शिवाय माणसं आणि सामान यांच्यासाठी राहत्या घरात चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. झाले ६०० किलो.

कॉलम एकमेकांपासून चार-चार मीटरवर असतील, तर मधल्या एका कॉलमच्या वाट्याला १६ चौरस मीटर येतात. एका मजल्याचे जवळपास १० टन, सात स्लॅबचे ७० टन. यात भिंती आणि बीम धरलेलेच नाहीत!

एवढं वजन बारीक कॉलममधून थेट मातीवर दिलं तर तो मातीत रुतेल. म्हणून खाली रुंद फुटिंग. जमीन चौरस मीटरला २० टन पेलत असेल, तर ७० टनांना साडेतीन चौरस मीटर जागा लागते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून पाया घेताना कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणतात.

मग सळया कशाला? काँक्रीट दाबाला तगडं, पण ताणाला अगदी कच्चं. बीमवर वजन आलं की तो मधोमध खाली वाकतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. तिथे सळई हवीच. बाल्कनीत उलटं. तिला पुढून आधार नसतो, त्यामुळे वरची बाजू ताणली जाते आणि मुख्य सळया वर लागतात. म्हणून बाल्कनीच्या कडेला मातीच्या जड कुंड्यांची रांग लावण्याआधी जरा विचार करा.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे पाच सर्व्हरपैकी एक बंद पडला की त्याचं ट्रॅफिक उरलेल्या चारांवर जातं. त्यांच्यात तेवढा दम नसेल तर तेही एकामागोमाग एक बसतात. कॉलम तोडला किंवा तासून बारीक केला की हेच होतं. वजन गायब होत नाही, शेजारच्यांवर जातं. फरक एवढाच, की बिल्डिंग रीस्टार्ट करता येत नाही.

२५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली. १७ जीव गेले. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला होता. तळमजल्याचा खांब म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांची शेवटची कडी.

म्हणून घरात तोडफोड करायच्या आधी एक प्रश्न विचारा: ही भिंत वजन घेते का? कॉलम-बीमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक भिंती फक्त आडोसा असतात. पण जुन्या वाड्यांत, चाळींत जाड भिंतीच वजन पेलतात. नुसतं बघून हे ओळखू नका आणि ठेकेदाराच्या ‘काही होत नाही साहेब’ वर तर अजिबात जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची आणि पालिकेची परवानगी घ्या.

गळतीकडेही लक्ष द्या. पाणी आत गेलं की सळई गंजते, गंज जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. छताचे पोपडे पडणं, कॉलमवर उभ्या चिरा येणं हा इशारा आहे, त्यावर नुसता रंग मारू नका. बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढे गेली असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये उभे राहून विचारा, ‘आपलं स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं?’

आणि हो, हा एपिसोड सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!