एक वर्ग, अनेक बोली : पाठटाचण आणि मूल्यमापन यांविषयी थोडेसे



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठीचा प्राध्यापक म्हटला की तो संतांवर किंवा कादंबरीवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मात्र मी एका श्रुतलेखनाविषयी बोलणार आहे. ते मीच घेतले होते आणि मीच तपासले होते.

१९७० नंतरच्या दशकात, एम्. ए. होण्यापूर्वी, पांढुर्णा–सौंसर भागातील एका शाळेत मी दोन वर्षे हिंदी आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवीत होतो. पाचवीच्या वर्गाला मी मराठीचे दहा शब्द घातले : पाणी, लोणी, बहीण, कोण, डोळा, काळा, शाळा, फळ, गूळ, केळी. संत्र्यांच्या बागेत मजुरी करणाऱ्या कुटुंबातील एका मुलाने लिहिले : पानी, लोनी, बहीन, कोन, डोया, काया, शाया, फय, गूय, केयी. मी तांबड्या शाईने दहा फुल्या मारल्या आणि खाली शून्य लिहिले. तो उठून म्हणाला, “गुर्जी, काल हिंदीत पानी बराबर होतं, आज कसं चुकलं?” उलट उत्तर देतोस काय, म्हणून मी त्याला खाली बसविले. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली आणि दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. माझ्या शून्यामुळे तो आला नाही, असे मी म्हणणार नाही. घरी दोन हात हवे होते. परंतु त्याने विचारलेला प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते, एवढे मात्र खरे.

ते उत्तर मला पुढे बोलींचा अभ्यास करताना सापडले. त्या वहीत दहा चुका नव्हत्याच. चुका दोन होत्या. आपल्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘य’ होतो. चार शब्द पहिल्या नियमाने गेले, सहा दुसऱ्या. मुलाने नियम एकदाही मोडला नव्हता. ऱ्हस्व-दीर्घही नीट सांभाळले होते. मी मोजलेल्या दहा चुका म्हणजे दोनच गोष्टी शिकवावयाच्या राहिल्या आहेत, याची दहा वेळा आलेली सूचना होती.

आता हिंदीच्या तासाकडे वळू. मराठीत तत्सम शब्दांतील अन्त्य इकार दीर्घ लिहावयाचा, म्हणून ‘शक्ती’, ‘कवी’. हिंदीत ‘शक्ति’, ‘कवि’. एकाच दिवशी दोन वह्यांत मुलाने हे उलटसुलट सांभाळावयाचे! मराठी मूल ‘मैं आम खाया’ असे लिहिते, कारण ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. ‘आवाज’ इकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. आणि ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत विद्या देतो, मराठीत छडी. (माझ्या वर्गात दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडत असत.)

ही अडचण आकाशातून पडलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घातले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी सोय राज्यांनी करण्याचा प्रयत्न करावा. सीमा आणि कलम यांचा जन्म एका दिवसाचा. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पण वर्गातील बाके तीच. एका बाकावर वऱ्हाडी वळणाची मराठी, शेजारी पवारी, मागे हिंदी आणि कोपऱ्यात गोंडी. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तिच्यात नामांचे पुरुषवाचक आणि इतर असे दोनच गट पडतात. त्या मुलीला ‘तो, ती, ते’ हे प्रकरण किती अनोळखी वाटत असेल, याचा विचार करा. तिची चूक आणि ‘डोया’ लिहिणाऱ्याची चूक सारखी दिसली तरी त्यांवरील उपाय एक नव्हे.

आमच्या काळी टाचण हर्बार्टच्या पंचपदीने काढीत. पहिल्या पायरीवर पूर्वज्ञान जागे करावयाचे. पण कोणाचे? टाचणात एकच काल्पनिक विद्यार्थी बसलेला असे. चाळीस मुलांसाठी चाळीस टाचणे काढा, असे मी सांगणार नाही. तसे सांगणाऱ्याने कधी पाच तास सलग शिकविलेले नसते. मी एवढेच सुचवितो, की टाचणाच्या उजव्या बाजूला एक समास राखावा आणि त्यात लिहावे : कोण अडेल, कोठे अडेल, तेव्हा मी काय करीन. पाठ विहिरीच्या पाण्याविषयी असेल तर फळ्यावर आधी घरचे शब्द येऊ द्यावेत, शेजारी हिंदी, शेजारी प्रमाण मराठी. मग विहीर उन्हाळ्यात का आटते, हे कोणी लिहील, कोणी तोंडी सांगेल, कोणी चित्र काढून नावे घालील. वाट निराळी असली तरी विहीर का आटते, हे प्रत्येकाला सांगता आलेच पाहिजे. गरीब मुलाला सोपा प्रश्न देणे ही दया नव्हे, ती त्याची फसवणूक आहे.

वेळापत्रकाचेही तसेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली, तीच कुरणशाळा. संत्र्यांची तोडणी आणि कापसाची वेचणी आपल्याकडे दरवर्षी ठरल्या ऋतूतच येते. तरीही त्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलासाठी टाचणात एक ओळ नसते.

मूल्यमापनाविषयी एक गोष्ट सांगतो. शिकणे चालू असतानाचे मूल्यमापन आणि शेवटचे मूल्यमापन हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला. १९९८ मध्ये पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले, की चालू मूल्यमापन सुधारले तर मागे पडलेल्या मुलांचा लाभ सर्वाधिक होतो. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी त्याचे तक्ते झाले, आणि तक्ते भरण्यात शिकविण्याचा वेळ गेला.

माझे एक सहाध्यायी नेहमी आक्षेप घेत : “बोर्डाच्या परीक्षेत ‘डोया’ला कोण गुण देणार?” कोणीही नाही, आणि देऊही नयेत. प्रमाणलेखन यावेच लागते. म्हणून वर्गात गुणांचे दोन रकाने करावेत, आशयाचा एक आणि लेखनाचा एक. लेखनाच्या रकान्यात फुल्या मोजू नयेत, चुकीचा प्रकार लिहावा. जूनमध्ये दोन प्रकार असतील तर फेब्रुवारीत एकही उरू नये, ही जबाबदारी शिक्षकाची.

ती वही आज माझ्यासमोर आली तर मी खाली लिहीन : “पानी हे हिंदीत बरोबर, तुझ्या घरीही बरोबर. मराठीच्या वहीत ण. दोनच अक्षरे शिकायची आहेत : ण आणि ळ. सोमवारी हेच दहा शब्द पुन्हा घेऊ.”