आठ रुपयांचें मोल



गरिबींत वाढून मोठ्या पदास पोंचलेल्या माणसांचीं चरित्रें आपण मुलांना मोठ्या आवडीनें वाचावयास देतों. त्या चरित्रांत रस्त्यावरचा दिवा असतो, अनवाणी पाय असतात, एक वेळचें जेवण असतें; आणि शेवटीं तात्पर्य म्हणून एवढेंच सांगितलें जातें कीं, ज्याच्या अंगीं जिद्द आहे त्यास कांहींहि अशक्य नाहीं. हें तात्पर्य खोटें नव्हे. परंतु तें अपुरें आहे. मीं स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे शिक्षण घेतलेलें नाहीं. पण जवळजवळ तीन तपें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली, आणि त्या काळांत जिद्दीचीं मुलें पुष्कळ पाहिलीं. त्यांतलीं कांहीं वर आलीं, कांहीं वाटेंतच थांबलीं. जिद्द दोहोंच्याहि ठायीं होती. मग फरक कोठें पडला, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. १८७९ सालीं वडील वारले, तेव्हां गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधु गोविंदराव हेहि अजून विद्यार्थीच होते. दोघांनीं शिकावें एवढें बळ घरांत उरलें नव्हतें. गोविंदरावांनीं आपलें शिक्षण सोडलें आणि दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत, आणि उरलेल्या ७ रुपयांत घरचा संसार चालवीत. गोपाळराव १८८१ सालीं मॅट्रिक झाले आणि १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. पुढें देशाच्या राजकारणांत त्यांनीं जें स्थान मिळविलें तें सर्वांस ठाऊक आहे.

या हकीगतींत रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करणारा मुलगा आपणांस चटकन दिसतो. ते ८ रुपये मात्र सहसा दिसत नाहींत. पंधरांतले आठ म्हणजे मिळकतीच्या अर्ध्याहून अधिक! ते एकदांच पाठवून भागणारे नव्हते. महिन्यामागून महिना तितकेच पाठवावयाचे होते. दिव्याखालीं बसणाऱ्याचा निश्चय मोठा, यांत शंका नाहीं. पण पुढील महिन्यांत आपण येथें असूं कीं नसूं, ही धास्ती त्याच्या मनांतून कोणीतरी काढून टाकली होती, म्हणूनच तो निश्चय टिकून राहिला.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें. येथें दारिद्र्याच्या जोडीला अस्पृश्यतेचा अपमान होता. शाळेंत बसण्यासाठीं घरून तरट न्यावें लागे आणि पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची बंदी असे. पुढें हें कुटुंब मुंबईस परळच्या चाळींत एका खोलींत राहूं लागलें. माणसांनीं भरलेल्या त्या खोलींत दिवसा अभ्यास होणें कठीण. म्हणून वडील सुभेदार रामजी हे मध्यरात्रीपर्यंत स्वतः जागत, दोनच्या सुमारास मुलास उठवीत आणि मग आपण निजत. मुलास शांतता मिळावी म्हणून बापानें आपली झोंप दिली. १९०७ सालीं मुलगा मॅट्रिक झाला. पुढें कॉलेजचा खर्च घरास पेलेना, तेव्हां कृष्णाजी अर्जुन केळुसकर या गुरुजींनीं त्याची गांठ बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशीं घालून दिली. महाराजांनीं दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली; १९१३ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत जाण्यासहि बडोद्याचीच मदत झाली. वडिलांची झोंप, केळुसकरांचा शब्द आणि महाराजांचे २५ रुपये, या तीन गोष्टी त्या अलौकिक बुद्धीच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. बुद्धि त्यांची स्वतःची होती, कष्टहि त्यांचेच होते. तिला वाट मात्र इतरांनीं मोकळी करून दिली.

दरमहाच्या लहानशा रकमेंत एवढें सामर्थ्य कोठून येतें, हें आतां पाहूं. गरीब घराचा हिशोब दिवसाचा असतो आणि शिक्षणाचा हिशोब वर्षांचा असतो. घरांतलें चौदा वर्षांचें मूल आज कामावर गेलें तर संध्याकाळीं चार पैसे हातीं येतात. तेंच शाळेंत गेलें तर फळ केव्हां मिळेल, किती मिळेल, मिळेल कीं नाहीं, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. आईबाप अडाणी असतात म्हणून मुलाची शाळा सोडवितात, असें सुशिक्षितांस वाटतें. माझा अनुभव निराळा आहे. त्यांचा हिशोब चुकीचा नसतो. त्यांच्यापाशीं थांबण्याची ऐपत नसते. नियमित मदत त्या घराला थांबण्याची ऐपत देते. सणावारीं एकदां दिलेले हजार रुपये खर्चून जातात आणि धास्ती पहिल्यासारखीच राहते. महिन्याच्या ठराविक तारखेस येणारे शंभर रुपये मात्र मुलाला पुढचें वर्ष आंखूं देतात.

पूर्वी पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय दोन प्रकारांनीं होई. माधुकरी मागणारा मुलगा दुपारच्या वेळीं ठराविक घरांपुढें उभा राही आणि झोळींत पडेल तें शिजलेलें अन्न घेऊन परते. वार लावणारा मुलगा आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून घेई. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे. या रीतीनें कित्येक विद्वान तयार झाले, याबद्दल त्या घरांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण या रीतींत उणिवाहि होत्या. यजमान परगांवीं गेले किंवा घरांत सुतक आलें कीं त्या वारीं उपास घडे. वाढणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली तर ती घांसाबरोबर गिळावी लागे. आणि सर्वांत मोठी उणीव अशी कीं, हीं दारें बहुधा ब्राह्मण मुलांसाठींच उघडीं असत. कुणब्याच्या, धनगराच्या अथवा अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलानें कोणाच्या दारीं उभें राहावें?

या प्रश्नाचें उत्तर वसतिगृहांनीं दिलें. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें आणि पुढें निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं तशीच सोय केली. पुण्यास १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास असें वसतिगृह चालू केलें कीं जेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं त्या वसतिगृहास भेट दिली. एकदां तेथील मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिलेच, पण शेवटीं मंगळसूत्रहि मोडावयास दिलें.

भाऊरावांनीं मदतीच्या कल्पनेंत एक महत्त्वाची भर घातली. मुलांनीं शेतांत खपावें, पाणी भरावें, दगड वाहावे आणि स्वतःच्या कष्टाचें खाऊन शिकावें, ही ‘कमवा व शिका’ ची रीत त्यांनीं रूढ केली. यामुळें पैशाची बचत झाली, हा लाभ दुय्यम होय. खरा लाभ असा कीं, ताटावर बसलेल्या मुलाची मान ताठ राहिली. ज्यानें लहानपणीं उपकाराचें अन्न खाली मान घालून खाल्लें, तो पुढें मोठा झाला तरी पुष्कळदां त्याची मान आंतून वांकलेलीच राहते. मदत देतांना मुलाचा मान सांभाळणें हें अन्नाइतकेंच आवश्यक आहे.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट आहे असें मात्र कोणी समजूं नये. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म १९४३ सालीं गोव्यांतील माशेल येथें झाला. लहानपणींच वडील गेले आणि आईनें मुंबईंत पडेल तें काम करून मुलास वाढविलें. १९६० सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांचें नांव वरच्या क्रमांकांत आलें. तरीहि पुढील शिक्षण सोडून नोकरी धरण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. तेव्हां सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली आणि शिक्षण चालू राहिलें. पुढें १९९५ पासून २००६ पर्यंत ते देशांतील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, आणि १९९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सदस्यत्व दिलें. आईचे कष्ट आणि ६० रुपये यांतलें एकहि नसतें तर काय झालें असतें, याचा हिशोब ज्यानें त्यानें करावा.

दारिद्र्यांतच माणूस घडतो, असें म्हणण्याची आपल्याकडे एक संवय आहे. ती मला धोक्याची वाटते. जे वर आले तेवढेच आपल्या दृष्टीस पडतात. जे बुडाले त्यांचीं चरित्रें कोण लिहिणार? मास्तरास मात्र तींहि मुलें आठवतात. वर्गांत वही आणली नाहीं म्हणून विचारलें असतां मूल म्हणतें, “विसरलों.” नव्या मास्तरास तें खरें वाटतें. जुना मास्तर जाणतो कीं, वही विसरलेली नसते, ती घेतलेलीच नसते. हा शब्द आठवड्यांत तीनदां ऐकूं आला कीं समजावें, हें मूल आतां शाळेपासून दूर चाललें. मग तें प्रश्न विचारीनासें होतें, मागच्या बाकावर जाऊन बसतें, बाजारच्या दिवशीं गैरहजर राहूं लागतें, आणि एके दिवशीं पटावरचें त्याचें नांव नुसतें नांवच उरतें. ज्या वेळीं सावरावयाचें ती वेळ पहिल्या “विसरलों”ची असते. त्या वेळीं चारचौघांत कांहीं न बोलतां कोणी एक वही पुढें केली, तर पुष्कळदां तेवढ्यानेंहि काम भागतें.

स्वतः आधारावर शिकलेल्या गोपाळराव गोखल्यांनीं पुढें काय केलें, तेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. १९११ सालीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याच्या दिशेनें एक विधेयक त्यांनीं मांडलें. प्रत्येक घरांत एखादा गोविंदराव निघेलच असें नाहीं. म्हणून ती जबाबदारी सरकारनें उचलावी, असाच या मागणीचा अर्थ होतो. १९१२ सालीं तें विधेयक फेटाळलें गेलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. एका मागणीस शंभर वर्षें लागलीं! आज सरकारी शाळांत फी नाहीं, पुस्तकें मिळतात, दुपारचें जेवणहि मिळतें. याचें श्रेय योग्य तेथें दिलेंच पाहिजे.

पण कायद्याचा हात चौदाव्या वर्षीं सुटतो आणि गळती आतां त्यापुढें सुरू होते. दहावी-बारावीनंतर गांवचा मुलगा शहरांत येतो, तेव्हां त्याच्यापुढें खोलीचें भाडें, खाणावळीचे पैसे, बसचा पास आणि परीक्षेची फी हीं चार संकटें एकदम उभीं राहतात. पुण्यांतील विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्था १९५५ पासून अशा विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करीत आलेल्या आहेत. परंतु गरज संस्थांच्या भिंतींपेक्षां मोठी आहे. येथेंच आपल्यासारख्या घरांचें काम सुरू होतें.

तें काम अवघड नाहीं. एकाच विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी, पण ती त्याचें शिक्षण पुरें होईपर्यंत घ्यावी. रक्कम लहान ठरवावी, पण तारीख चुकवूं नये. दर महिन्यास त्याच्याकडून आपल्या गरिबीची कहाणी वदवून घेऊं नये. संध्याकाळीं घरांतली एखादी खोली रिकामी असेल, तर तेथें एक टेबल आणि एक दिवा द्यावा. मार्क कमी पडले तर मदत थांबविण्याची धमकी देऊं नये. उलट त्याच वेळीं त्याच्याजवळ बसावें. आणि केळुसकर गुरुजींप्रमाणें योग्य ठिकाणीं शब्द टाकावा. त्याला तर एक पैसाहि लागत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गोविंदराव शिकले असते तर काय झाले असते, हें कोणासहि कळणार नाहीं. एक भाऊ शिकावा म्हणून दुसऱ्यानें शाळा सोडली. आमच्या शाळेंत त्या दुसऱ्याच्या जागीं बहुतेक वेळां बहीण असे. धाकट्या भावाचें नांव पटावर चढलें कीं कांहीं दिवसांनीं तिचें नांव कमी होई, आणि विचारलें तर उत्तर येई, “घरीं कामाला कोणी नाहीं, गुरुजी.” म्हणून येत्या जूनमध्यें आपण एखाद्या मुलाची वह्या-पुस्तकें घेऊन द्याल, तेव्हां त्याला एवढेंच विचारा कीं, “तुझ्या घरीं आणखी कोण शिकतें आहे?” त्याचें उत्तर ऐका, आणि मग आपली रक्कम ठरवा.