माल बंदरावर पोहोचण्याआधी: स्कोमेट यादी कशी चालते

रसायनांच्या किंवा औषधांच्या कारखान्यात ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर हटकून दिसतो. बाहेरून जाड पोलादी टाकी, आत काचेचा गुळगुळीत थर, वर ढवळणी फिरवणारी मोटर. आम्ले आणि क्लोरीनयुक्त रसायने साध्या पोलादाला खाऊन टाकतात, काचेला मात्र सहसा धक्का लावत नाहीत. तारापूर, रोहा, महाड, लोटे परशुराम या पट्ट्यात औषधांचे घटक, रंग आणि कीटकनाशके अशाच भांड्यांत तयार होतात. हाच रिअ‍ॅक्टर मस्टर्ड वायू या रासायनिक अस्त्रासाठीही चालतो. त्यासाठी त्यात काही बदल करावा लागत नाही.

म्हणूनच या भांड्याची निर्यात करायची तर केंद्र सरकारची आगाऊ परवानगी लागते. अट मात्र नेमकी आहे. भांड्याची अंतर्गत क्षमता 100 लिटरपेक्षा जास्त आणि 20,000 लिटरपेक्षा कमी हवी; आणि रसायनाला लागणारा पृष्ठभाग काच, फ्लुओरोपॉलिमर, टँटलम, टायटॅनियम, निकेलचे ठरावीक मिश्रधातू अशा गंजरोधक पदार्थांचा हवा. प्रयोगशाळेतली छोटी भांडी या अटीतून सुटतात, साधी स्टेनलेस स्टीलची टाकीही सुटते. या रिअ‍ॅक्टरला जोडायचे व्हॉल्व्ह, पंप आणि कंडेन्सर यांनाही अशाच मोजमापांच्या अटी आहेत.

या वस्तूंच्या यादीला भारतात ‘स्कोमेट’ म्हणतात. स्पेशल केमिकल्स, ऑर्गॅनिझम्स, मटेरिअल्स, इक्विपमेंट अँड टेक्नॉलॉजीज या शब्दांची ती आद्याक्षरे. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतले विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ही यादी प्रसिद्ध करते आणि वेळोवेळी सुधारते. यादीत शून्यापासून आठपर्यंत वर्ग आहेत. शून्य वर्गातल्या अणुऊर्जेशी थेट निगडित वस्तूंचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो, सहाव्या वर्गातल्या लष्करी सामग्रीचा संरक्षण उत्पादन विभाग, आणि बाकीचे बहुतेक डीजीएफटीकडे येते. सातवा वर्ग सध्या रिकामा राखलेला आहे.

आकडे आणि मोजमापे हा या यादीचा कणा आहे. नुसते ‘अ‍ॅल्युमिनियमची नळी’ म्हटले असते तर खिडक्यांच्या चौकटी बनवणाराही अडकला असता. म्हणून अणुव्यापाराच्या आंतरराष्ट्रीय यादीत अट अशी आहे: मिश्रधातूची ताणसहनशक्ती 460 मेगापास्कल किंवा अधिक आणि नळीचा बाहेरचा व्यास 75 मिलिमीटरपेक्षा जास्त. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा फिरता भाग अशाच नळीचा असतो आणि तो प्रचंड वेगाने फिरतो. त्या वेगाला साधा धातू टिकत नाही. क्षेपणास्त्रांच्या बाबतीत 500 किलो वजन 300 किलोमीटरवर नेण्याची क्षमता ही सर्वांत कडक नियंत्रणाची रेषा. आकडा कुठून आला हे समजले की यादी वाचणे पुष्कळ सोपे होते.

या याद्या दिल्लीत बसून कोणी मनाने लिहिलेल्या नाहीत. 1980च्या दशकातल्या इराण-इराक युद्धात इराकने रासायनिक अस्त्रे वापरली. त्यांची कच्ची रसायने आणि कारखान्यांची यंत्रे पाश्चात्त्य कंपन्यांकडून उघड व्यापारातून आलेली होती. त्यातून 1985 मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप स्थापन झाला, आणि रिअ‍ॅक्टरच्या वरच्या अटी मुळात त्या गटाच्या आहेत. 1988 मध्ये इराकमधल्या हलब्जा गावावर विषारी वायू सोडला गेला आणि हजारो कुर्द माणसे मेली. या विषयातल्या रूक्ष कलमांमागे ही माणसे आहेत, म्हणून ‘कागदी कटकट’ हा शब्द मला इथे सहन होत नाही.

भारताचा या नियंत्रणांशी पहिला परिचय मात्र दाराबाहेर उभे राहून झाला. 1974च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला, तो आपल्यासारख्यांना रोखण्यासाठीच. पुढे भारताला हवा होता तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. हवामानाचे गणित करणारे यंत्र अण्वस्त्रांचेही गणित करू शकते, हे कारण. त्यातून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला. रशियाकडून रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान घेण्याच्या करारावरून 1992 मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. तयार इंजिने मिळाली, तंत्रज्ञान अडले. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण त्यानंतर 2014 मध्ये झाले.

ते नकार अन्यायाचे होते असे आजही अनेकांना वाटते, आणि काही बाबतींत ते खरेही आहे. पण 2003 मध्ये जे उघड झाले त्याने या नियंत्रणांची गरजही दाखवून दिली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ नावाचे जहाज इटलीच्या तारांतो बंदरात वळवण्यात आले. त्यात सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. ते मलेशियातल्या एका अभियांत्रिकी कारखान्यात बनले होते आणि दुबईमार्गे निघाले होते. भाग तेल आणि वायू उद्योगासाठी आहेत असे आपल्याला सांगितले होते, असे कारखान्याचे म्हणणे पडले. मागे होते पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांचे जाळे. पुढच्याच एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 1540 करून प्रत्येक देशाला निर्यात नियंत्रणाचे कायदे बंधनकारक केले. भारताने 2005 मध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांसंबंधीचा कायदा केला. 2016 मध्ये क्षेपणास्त्र नियंत्रण गट, 2017 मध्ये शस्त्रे व दुहेरी वापराच्या वस्तूंवर नियंत्रण ठेवणारा वासेनार गट आणि 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप यांचा आपण सदस्य झालो. अणुपुरवठादार गटाचे दार अजून बंदच आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. एका छोट्या कंपनीकडे परदेशातून सहा रिअ‍ॅक्टरची ऑर्डर आली असे समजा. पहिली पायरी वर्गीकरणाची, आणि ती कंपनीनेच करायची असते. कस्टम्सच्या एचएस कोडवरून इथे निर्णय होत नाही. एकाच कोडखाली स्कोमेटमध्ये बसणारा आणि न बसणारा असे दोन्ही रिअ‍ॅक्टर येऊ शकतात. ड्रॉइंग काढून, क्षमता आणि अस्तराचा पदार्थ यादीतल्या ओळीशी ताडून पाहावा लागतो. हे काम कस्टम्स एजंटवर सोपवून मोकळे होणे ही सर्वांत मोठी चूक, कारण ड्रॉइंग कळते ते इंजिनिअरला.

वस्तू यादीत बसली तर डीजीएफटीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. सोबत खरेदी ऑर्डर, तांत्रिक तपशील आणि अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रात खरेदीदार लिहून देतो की माल कुठे बसवला जाईल, कशासाठी वापरला जाईल, अस्त्रांसाठी वापरला जाणार नाही आणि परवानगीशिवाय पुढे कोणाला दिला जाणार नाही. अर्ज आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो. परराष्ट्र मंत्रालय, डीआरडीओ, अणुऊर्जा विभाग, इस्रो अशा संस्थांचे प्रतिनिधी तिथे आपापल्या माहितीच्या आधारे मत देतात. इंजिनिअरला जे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, ते परराष्ट्र मंत्रालयाला खरेदीदाराच्या पत्त्यावरून दिसू शकते.

सर्व अर्जांना एकच काटा लावलेला नाही. 25 किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या आणि 25 किलोपर्यंत वजन उचलणाऱ्या नागरी वापराच्या ड्रोनसाठी 2023 पासून एकदाच घ्यायची सामान्य परवानगी आहे. नंतर निर्यातीची माहिती कळवत राहायचे. शेतफवारणीच्या ड्रोनसाठी दरवेळी पूर्ण अर्ज भरायला लावणे निरर्थक होते.

वस्तू यादीत नाही, म्हणून जबाबदारी संपली असेही नाही. तिचा वापर अस्त्रांसाठी होणार आहे हे ठाऊक असेल, तर यादीबाहेरच्या वस्तूलाही कायदा लागू होतो. काही खुणा संशय जागवतात. खरेदीदार यंत्र बसवून द्यायला नको म्हणतो, प्रशिक्षणही नको म्हणतो. पत्ता कारखान्याचा नसून मालवाहतूक कंपनीचा असतो. बेकरीच्या व्यवसायातली कंपनी उच्च निर्वाताचा पंप मागते. बाजारभावापेक्षा जास्त पैसे रोखीने द्यायला तयार असते. अशा वेळी ऑर्डरचा मोह बाजूला ठेवून प्रश्न विचारावे लागतात.

आणि निर्यात फक्त पेट्यांतून होत नाही. अब्दुल कादिर खान 1970च्या दशकात नेदरलँड्समध्ये नोकरी करत असताना सेंट्रिफ्यूजची माहिती घेऊन बाहेर पडले. यंत्र नेण्याची गरजच पडली नाही. आज ईमेलला जोडलेले ड्रॉइंग, परदेशातून उघडता येणारे सर्व्हरवरचे फोल्डर, सॉफ्टवेअरचा कोड हीसुद्धा निर्यातच धरली जाते. पुण्यातल्या डिझाइन ऑफिसांना हा भाग सर्वांत जवळचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षितही. पेटी कस्टम्सच्या नजरेखालून जाते. ईमेल जात नाही.

2005च्या कायद्यात दहशतवाद्यांना किंवा बिगर-सरकारी गटांना असे साहित्य पुरवणाऱ्याला किमान पाच वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. 2022 मध्ये दुरुस्ती होऊन अशा कामांना पैसा पुरवणेही गुन्हा ठरले.

तुमच्या कंपनीत गंजरोधक भांडी, अचूक मशीन टूल्स, कार्बन फायबर, सेन्सर, ड्रोन किंवा संवेदनशील रसायने यांपैकी काही बनत असेल, तर पुढची परदेशी ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी डिझाइन आणि विक्री या दोन विभागांना एकत्र बसवा आणि डीजीएफटीच्या संकेतस्थळावरची स्कोमेट यादी ओळीने वाचा. शंका उरली तर माल पाठवण्याआधी डीजीएफटीला लेखी विचारा.