स्कॅन झाल्यावर कागद टाकायचे का?

मंडळाचं जुनं दफ्तर स्कॅन करून घ्यायचं जवळजवळ ठरलं आहे. सभांची इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्या, गणेशोत्सवाचे जमाखर्च, नाटकांची हस्तपत्रकं, स्मरणिका असे दोन लोखंडी कपाटं भरून कागद आहेत. ते काम माझ्याकडे आहे आणि मी ते आनंदानं करते आहे. माझी हरकत आहे ती प्रस्तावाच्या शेवटच्या ओळीला. स्कॅनिंग झाल्यावर जागेअभावी मूळ कागद निकाली काढावेत, असं तिथे म्हटलं आहे. तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांना ते पटलेलं दिसतं, म्हणून हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी.

जगभरचे अभिलेखागारवाले या बाबतीत इंग्लंडमधलं एक उदाहरण हमखास देतात. १०८६ मध्ये तिथल्या विल्यम राजानं देशभरच्या जमिनींची पाहणी करून 'डूम्सडे बुक' लिहवून घेतलं. त्याला ९०० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८६ मध्ये, बीबीसीनं नवी पाहणी केली. सुमारे दहा लाख लोकांनी, त्यात शाळेतली मुलं पुष्कळ, आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले. हे सगळं ताटाएवढ्या दोन लेझर डिस्कवर साठवलं गेलं. ती वाचायला खास प्लेअर आणि बीबीसीचा त्या वेळचा कॉम्प्युटर लागायचा. पुढच्या १५ वर्षांत ती यंत्रंच दुर्मीळ झाली. डिस्क होत्या, पण त्या लावायच्या कशावर? नऊशे वर्षांपूर्वीचं चामड्यावरचं पुस्तक मात्र लॅटिन येणाऱ्याला सरळ वाचता येत होतं. शेवटी २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी नव्या कॉम्प्युटरला जुन्यासारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम लिहून ती माहिती सोडवली. २०११ मध्ये त्यातला गावोगावचा भाग इंटरनेटवर आला. काही वर्षांनी ती साइटही बंद झाली. आता तिची प्रत ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारानं सांभाळली आहे.

आपल्या कपाटातही याचा धाकटा भाऊ आहे. १९९९ च्या स्मरणिकेच्या फ्लॉप्या मिळाल्या. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, त्यातल्या निम्म्या उघडल्या, आणि पडद्यावर काय आलं? पौंडाची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, मध्येच उलटी प्रश्नचिन्हं. मराठीचा पत्ता नाही.

कारण साधं आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या त्या काळच्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची वळणं बसवलेली असत. फाइलमध्ये 'अ' नसायचाच, 'अ' दाखवणारा एक आकडा असायचा, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईच्या कामात आपल्याकडे जुने फॉन्ट त्यानंतरही कितीतरी वर्षं चालले. म्हणजे मराठीतले पंधरा-वीस वर्षांचे अंक, पत्रव्यवहार आणि अहवाल अशा कुलूपबंद अवस्थेत घरोघरी पडून असणार.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते पूर्ण भरवशाचे नाहीत. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे 'मार्ग'चा 'मागर्' होतो, आणि आडनावं तर ओळखू येत नाहीत. ती मी दुरुस्त करते आहे छापील स्मरणिका शेजारी उघडी ठेवून. निकाली काढायच्या ढिगात तीच स्मरणिका आहे.

कागद दुर्लक्ष सोसतो. गायकवाडी काळातले मोडी कागद फडक्यात बांधून वर्षानुवर्षं पडून राहिले, तरी मोडी येणारा माणूस आज ते वाचतो. (मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, तिचा रोजचा वापर थांबल्यावर कितीतरी वर्षांनी!) पण कागदाला वाळवी लागते, आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात कुठवर आलं ते आपण पाहिलं आहे. म्हणून स्कॅन हवंच. मात्र हार्ड डिस्क कपाटात ठेवून दिली की काम झालं, असं नाही. तिच्याकडे दरवर्षी कुणीतरी पाहावं लागतं.

मोठी अभिलेखागारं म्हणजे तरी काय करतात? प्रत्येक फाइलची गणितानं एक खूण काढून ठेवतात. वहीत पानाखाली बेरीज मांडतो तशी. फाइलमधला एक काना बदलला तरी ती खूण सगळीच बदलते. ठरावीक दिवसांनी पुन्हा खूण काढायची, आणि जुळली नाही तर दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या प्रतीवरून फाइल दुरुस्त करायची. म्हणून प्रती अनेक हव्यात, आणि एकाच खोलीत नकोत. यात आपल्याला नवं काही नाही. आपल्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिरानं १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, ती वेगवेगळ्या प्रांतांतल्या आणि लिपींतल्या हस्तलिखितांचे पाठ ताडूनच.

मंडळापुरतं मी सुचवलं आहे ते असं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. चित्रं टिफमध्ये, मजकूर युनिकोडमध्ये, छापील पानं पीडीएफ-ए या दीर्घकाळ टिकवण्यासाठीच ठरवलेल्या प्रकारात. आणि दर वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी दोघांनी बसून फाइली उघडून पाहायच्या. त्या दोघांची नावं इतिवृत्तात लिहायची, नाहीतर हे काम सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच राहत नाही. एक विनंतीही आहे. घरातले जुने फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका. तिथे चित्र दाबून लहान होतं आणि कधी काढलं ही माहितीही गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलंत तर फाइल जशीच्या तशी येते.

स्कॅनरला एक गोष्ट मात्र मुळीच जमत नाही. १९६१ च्या गणेशोत्सवाचा एक फोटो आहे, २३ माणसं. फाइल उत्तम आहे, पण नाव काय, तर 'स्कॅन ०४७'. मागे शाईनं फक्त साल लिहिलेलं. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आजींकडे तो घेऊन गेले. त्यांनी भिंग मागवलं आणि तासाभरात १९ जण सांगितले. कोण कुणाची नणंद, पेटी कोण वाजवायचं, कुणी पुढे नोकरीसाठी इंदूर गाठलं, हेही सांगितलं. ते मी फाइलसोबत लिहून ठेवलं आहे आणि फोटोच्या मागेही पेन्सिलनं हलक्या हातानं लिहिलं आहे.

चौघं राहिले. मागच्या ओळीत डावीकडून दुसरे टोपीवाले गृहस्थ, त्यांच्या शेजारचा हातात झांजा घेतलेला मुलगा, आणि पुढे खाली बसलेल्या सारख्याच फ्रॉकातल्या दोन मुली. फोटो मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. आजी-आजोबांना घेऊन या.