बोटीवरची घाण जाते कुठे?

गेल्या पंधरवड्यात एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले. मुलाने त्यांना मुंबई-गोवा अशी मोठ्या बोटीची सहल घडवून आणली होती. बोटीवरच्या गमतीजमती सांगून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टर, दीड-दोन हजार माणसे त्या बोटीवर! त्यांचे संडास, आंघोळी, उष्टे-खरकटे सारे समुद्रातच सोडतात काय?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. अशी बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारे गावच. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट सुरू झाली होती. पुढे 2021 पासून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या मोठ्या बोटीने मुंबईहून सहली सुरू केल्या. गावाला पसरायला जागा असते, बोटीला नसते. तिथे घाणीची व्यवस्था चुकली, तर हगवण-उलट्यांची साथ दोन दिवसांत साऱ्या बोटीभर होते. म्हणून ही व्यवस्था कशी असते ते पाहू. आपल्यालाही त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दोन प्रकारचे पाणी

बोटीवर सांडपाण्याचे दोन भाग करतात. संडासातून येते ते 'काळे पाणी' आणि न्हाणीघर, बेसिन, धुलाई यांतून येते ते 'करडे पाणी'. आपल्या घरी एका वेळच्या फ्लशला सहा ते दहा लिटर पाणी लागते. बोटीवर साधारण एक-दीड लिटरच लागते. तिथल्या नळ्यांत यंत्राने पोकळी निर्माण केलेली असते. बटण दाबले की ती मैला खेचून घेते.

हा मैला टाकीत जमतो. आधी जाळीतून चिंध्या, कागद वगैरे वेगळे होते. मग टाकीत हवा सोडतात. हवेवर जगणारे उपयोगी जंतू मैल्यातली घाण खाऊन टाकतात. नव्या बोटींवर हे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळतात आणि शेवटी क्लोरीनने किंवा अतिनील किरणांनी उरलेले रोगजंतू मारतात. तळाशी राहिलेला गाळ बंदरात उतरवतात किंवा वाळवून भट्टीत जाळतात.

समुद्रात काय सोडायचे याचा 'मारपोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो 1973 साली झाला, 1978 मध्ये त्यात भर पडली. भारतही त्यात सामील आहे. त्यानुसार दळलेला व निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या पुढेच सोडता येतो. प्रक्रिया न केलेला मैला 12 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या पुढे, तोही बोट चालती असताना हळूहळू सोडावा लागतो. प्लॅस्टिक मात्र कुठल्याही समुद्रात, कितीही दूर, टाकायला पूर्ण बंदी आहे.

नियम असले म्हणजे सगळे पाळतात असे नाही. 'प्रिन्सेस क्रूझेस' या कंपनीच्या एका बोटीवर चोरनळी बसवून तेलकट पाणी समुद्रात सोडले जात होते. नव्या नोकरीवर आलेल्या एका इंजिनियरने 2013 साली ते उघडकीस आणले. 2016 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला अमेरिकेत 4 कोटी डॉलरचा दंड झाला.

आणि आपल्या गल्लीत?

गुरुजींना हे सारे सांगितल्यावर मी त्यांना उलट विचारले, "गुरुजी, आपल्या घरच्या सेप्टिक टँकचे पाणी कुठे जाते?" ते हसले. उत्तर दोघांनाही माहीत होते : नालीत!

सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण बाहेर येणारे पाणी शुद्ध नसते. कावीळ, विषमज्वर, हगवण, पटकी यांचे जंतू त्यात जिवंत असतात. काही वर्षांपूर्वी एकाच गल्लीतल्या तीन घरांतून काविळीचे रोगी माझ्याकडे आले. त्या घरांची नळाची पाइप नालीतून गेलेली होती आणि तिचा जोड झिरपत होता. नळ बंद झाला की पाइपमध्ये पोकळी होते आणि नालीतले पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी टिल्लू पंप थेट नळाला लावला, की ही ओढ आणखी वाढते. बोटीवर जी पोकळी घाण दूर नेते, तीच पोकळी इथे घाण पिण्याच्या पाण्यात आणते.

दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

आपली वैनगंगाही यातून सुटलेली नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. त्याच नदीच्या काठी आपण खाली राहतो. आपण नालीत सोडलेले पाणीही असेच कोणाच्या तरी वरच्या अंगाला असते, हे विसरू नये.

एवढे जरूर करा

1. सेप्टिक टँकचे पाणी नालीत न सोडता शोषखड्ड्यात सोडा. खड्डा विहीर, बोअर किंवा हातपंपापासून किमान 50 फूट दूर असावा.

2. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा वापरा. भरलेला खड्डा दोन वर्षे बंद ठेवला की मैल्याचे खत होते.

3. टँकचा गाळ दोन-तीन वर्षांनी सक्शनच्या गाडीनेच काढा. माणसाला कदापि आत उतरवू नका. आतला विषारी वायू क्षणात बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरलेलाही मरतो. 2013 च्या कायद्याने असे उतरवणे गुन्हा आहे.

4. नळाची पाइप नालीतून जात असेल तर ती वर उचलून घ्या. टिल्लू पंप थेट नळाला लावू नका.

5. पावसाळ्यात पाणी चांगले उकळून प्या. संडासहून आल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. बोटीवर हगवण-उलट्यांची साथ आली तरी पहिला उपाय साबण-पाणी हाच असतो.

गुरुजींनी परवा निरोप पाठवला आहे : शोषखड्ड्याचे काम सुरू झाले. त्यांची समुद्राची सहल गल्लीच्या कामी आली म्हणायची!