विरजणाचे भांडे

आष्टीकडच्या उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाला ताक हवेच. मग दही कधी तारेसारखे चिकट, कडवट का होते? दोष बहुधा विरजणाचा किंवा भांड्याचा असतो. घासलेले भांडे चकचकीत दिसले, तरी जंतू मेलेले नसतात. आधी गार पाण्याने विसळावे. एकदम गरम पाण्याने दुधातली प्रथिने चिकटून बसतात. पाणीटंचाईत हे विसळण गुरांना द्यावे. मग भांडे व रवीच्या खाचा घासून धुवाव्यात, उकळते पाणी ओतून पाच मिनिटे ठेवावे. फडक्याने न पुसता उन्हात वाळवावे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही लावू नये. आंबटपणाने तांबे उतरून उलट्या होतात. पाणी कमी असले, तरी उकळते पाणी टाळू नका. हगवणीचा पहिला फटका लहान मुलांना बसतो.